मागच्या हौसिंगचा आवाज : जालन्यातल्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

डॉक्टरसाहेब सकाळी अंबडहून गाडी घेऊन आले. तीन लिटरची टर्बो पेट्रोल जर्मन सेडान, २०१० ची, सहा गिअरची ऑटोमॅटिक. इंजिन पुढं, ओढ मागच्या चाकांवर. ९१,४०० किलोमीटर झालेत. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेतलंय. मूळ टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, आता ५२० असा कागद त्यांच्याकडं आहे.

तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतल्या : "शंभरच्या आसपास सीट थरथरायलीय. पाय दाबला की मागून घूंऽऽ आवाज यायलाय. आणि पाय सोडून परत दाबला की ठक."

एका ठिकाणी त्यांना अख्खं जुनं हौसिंग (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या गिअरांचं खोकं) बदलून टाकायला सांगितलंय. सगळं मिळून दीड लाखाच्या घरात. त्यांचीही तयारी होती, म्हणाले, "टाका बदलून, कटकट नको." मी दोन दिवस मागून घेतले. या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या जागच्या वाटतात. हौसिंग बदललं तर त्यातली एक जाईल, फार तर दीड.

१० जून, मंगळवार

पहाटे साडेपाचला समृद्धीवर चढलो. जालन्याच्या इंटरचेंजवरून आत आणि सावंगीला बाहेर. काँक्रीटचा सरळ रस्ता आणि १२० ची मर्यादा, त्यामुळं एकच वेग लांबवर धरता येतो. अंबड रोडवर हे जमत नाही, तिथं खड्डे मोजावेत की थरथर, हेच कळत नाही. गाडी मी चालवली. हाताखालचा पोरगा मागच्या सीटवर, एक फोन सीटच्या पट्टीला चिकटवलेला आणि एक हौसिंगच्या वर डिकीत. थरथरीची आणि आवाजाची कंपनं दाखवणारी ॲप फुकट मिळतात, या कामाला तेवढी पुरतात.

आधी हिशेब करून ठेवला होता, तो इथं लिहितो. पुढच्या गाडीला उपयोगी पडेल.

मागचा टायर २५५/४० आर १७. घेर जवळपास २ मीटर. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं. क्राऊनला (हौसिंगमधलं मोठं दातेरी चाक) ४५ दात, पिनियनला (त्याला फिरवणारं लहान चाक) १३, म्हणजे प्रमाण ३.४६. म्हणून प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंतचा लांब दांडा) सेकंदाला ४८ वेळा. क्रॉसचा (शाफ्टला कोनात वळू देणारा सांधा) दोष फेरीला दोनदा दिसतो, म्हणजे ९६. आणि क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांना भिडतात ते १४ गुणिले ४५, सुमारे ६२५ वेळा.

चार आकडे, चार जागा. १४ ला थरथर असेल तर टायर, रिम, हब. ४८ ला असेल तर शाफ्टचा तोल किंवा सेंटर बेअरिंग (शाफ्टचा मधला टेकू). ९६ ला असेल तर क्रॉस किंवा शाफ्टचा कोन. ६२५ ला आवाज असेल तर क्राऊन-पिनियन.

मिळालं ते असं. ४८ ला मोठं शिखर. ९६ ला त्याच्या निम्मं, पण पाय दाबल्यावर वाढणारं. ६२० च्या आसपास आवाजाची एक धारदार रेघ, पाय दाबला की वर, पाय सोडला की जवळपास नाहीशी. १४ ला थोडंसं काही आहे, पण बाकीच्या गोंधळात नीट उमगत नाही.

रस्ता मोकळा होता तेव्हा क्षणभर न्यूट्रल करून बघितलं. इंजिन आयडलवर आलं, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टर (इंजिन-गिअरबॉक्समधला जोड) सुटले, दोष गिअरबॉक्सच्या मागं आहे.

वेग ८० ला आणला तर पहिलं शिखर ३८-३९ वर सरकलं. वेगाबरोबर सरकतं म्हणजे फिरणाऱ्याच वस्तूचं आहे. पोरगा वहीत आकडे लिहिता लिहिता म्हणाला, "उस्ताद, हे तर नाडी बघितल्यासारखंच." बरोबर बोलला. डॉक्टरच्या गाडीला हेच हवं होतं.

११ जून, बुधवार

लिफ्टवर घेतली. खालून दिसलं ते क्रमानं.

गिअरबॉक्सच्या मागची रबर डिस्क (आमच्याकडं सगळे डोनटच म्हणतात) नवी आहे, पण उलटी बसवलीय. तिच्या अंगावर बाण असतात. बाणाचं टोक फ्लँजच्या (जिला डिस्क बोल्टनं बसते ती चकती) हाताकडं यायला हवं. आतल्या दोऱ्याच्या गुंडाळ्या ताण सोसायला एकाच बाजूनं केलेल्या असतात. उलटी बसली की ताण नुसत्या रबरावर येतो. सहापैकी तीन भोकांभोवती चिरा. बसवून वर्षही झालेलं नाही म्हणतात. पाय सोडून दाबला की येणारी ठक, तिचा मोठा वाटा इथला.

सेंटर बेअरिंगचं रबर अर्धं फाटलंय. बेअरिंग हातानं फिरवलं तर खरखर.

शाफ्टचे पुढचा-मागचा असे दोन भाग मध्ये स्प्लाइनमध्ये (उभ्या खाचांच्या जोडात) बसतात. कारखान्यातून दोन्ही भागांवर पिवळ्या रंगाचा एक-एक ठिपका असतो, कारण तोल जोडलेल्या अवस्थेत काढलेला असतो. इथं ते ठिपके समोरासमोर नाहीत, चांगले अंगठाभर लांब आहेत. आधी ज्यांनी डोनट बदलला त्यांनी शाफ्ट सुटा केला आणि खूण न बघता घातला. ४८ ची अर्धी गोष्ट इथंच सापडली.

डाव्या हाफ शाफ्टच्या (हौसिंगपासून चाकाला जाणारा दांडा) आतल्या बूटला (सांध्यावरचं रबरी झाकण) क्लॅम्पच्या जागी बाइंडिंग वायर. सळ्या बांधायची तार. ग्रीस उडून एक्झॉस्टच्या पत्र्यावर वाळलंय.

शेवटी हौसिंगचं ऑइल. सव्वा लिटर यायला हवं होतं, आलं लिटरला थोडं कमी. सील गळत नाहीये, म्हणजे मागच्या वेळी कमीच भरलं असावं. रंग काळा, वास जळका. हौसिंगच्या या जातीच्या (हायपॉइड) ऑइलला गंधकाचा वास असतोच, पण हा त्याच्या पलीकडचा.

ड्रेन बोल्टच्या चुंबकावर जे होतं ते पांढऱ्या कागदावर घेतलं. राखाडी लोणी असतं तसा लेप, तो प्रत्येक गाडीत निघतो, त्याची भीती नाही. त्या लेपात बोट फिरवलं तर काहीतरी टोचलं. पेट्रोलनं धुऊन भिंगाखाली धरलं : तांदळाच्या कणीएवढी तीन चकत्या. एक बाजू आरशासारखी, दुसरी बाजू फाटल्यासारखी खडबडीत, कडेला निळसर झाक. दाताचा तुकडा असा चपटा नसतो. ही घासून, तापून सुटलेली साल आहे. निळी झाक म्हणजे तिथं तापमान तीनशेच्या आसपास गेलेलं. बेअरिंगचीही वाटत नाही. माझा अंदाज आतल्या लहान गिअरांवर, स्टार पिनियनवर. पण शंभरच्या वेगात सरळ जाणाऱ्या गाडीत ते गिअर फिरतच नाहीत, मग एवढे तापले कशानं?

१२ जून, गुरुवार

डॉक्टरसाहेबांना फोन केला. सरळच विचारलं, "गाडी कुठं रुतली होती का?"

थोडं थांबून म्हणाले, "मे महिन्यात. मोसंबीच्या बागेत."

अवकाळीनं मे महिनाभर झोडपलं तेव्हाची गोष्ट. बागेच्या कडेनं गाडी आत घेतली, उजवं मागचं चाक काळ्या मातीत बसलं. डावं बांधाच्या मुरमावर घट्ट. कुणीतरी सांगितलं, ट्रॅक्शनचं बटण बंद करा म्हणजे ताकद मिळेल. बटण बंद करून दहा-पंधरा मिनिटं रेस केली. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. त्यांच्या लेखी ती गोष्ट ट्रॅक्टर आला तिथं संपली होती, म्हणून सोमवारी सांगितली नाही.

आता सगळं जुळलं. डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क सारखा वाटतं, वेग मात्र चाकं आपापसात ठरवतात. फ्रान्सच्या पेकरनं १८२७ च्या सुमाराला वाफेच्या गाडीसाठी ही रचना केली, आणि साध्या डिफरन्शियलचं तत्त्व आजही तेच. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी, आणि मधले स्टार पिनियन आपल्या पिनवर हळूच फिरून तो फरक भरून काढतात. चौकात वळताना मिनिटाला वीस-पंचवीस फेऱ्या, तेवढंच त्यांचं काम. म्हणून त्यांना बेअरिंग नसतं. नुसती गुळगुळीत पिन, पातळ वॉशर आणि उडून येईल तेवढं ऑइल.

चिखलात काय झालं ते मांडून बघितलं. डावं चाक थांबलेलं, म्हणजे उजवं क्राऊनच्या दुप्पट वेगानं फिरणार. इंजिन ४,००० वर आणि दुसरा गिअर (२.३४) धरला तर शाफ्ट १,७१० फेऱ्या, क्राऊन ४९४, उजवं चाक ९८८. म्हणजे गाडी जागेवर उभी आणि चिखलातलं चाक ताशी ११८ नं पळतंय. स्टार पिनियन आपल्या पिनवर मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्या घेतायत, पंधरा मिनिटं, ते पण कमी ऑइलमध्ये.

यात टॉर्क फारसा नाही. चिखलातल्या चाकाला ओढायला लागतोच किती, आणि डाव्यालाही तेवढाच मिळतो, म्हणून तर गाडी हलत नाही. ५२० न्यूटन-मीटरनं हे हौसिंग खाल्लेलं नाही. हे घर्षणाच्या उष्णतेनं खाल्लंय. ४०० ची मूळ गाडीही अशीच गेली असती. लोक दोन वर्षांपासून सॉफ्टवेअरला दोष देतायत, ते डॉक्टरसाहेबांना मुद्दाम सांगितलं.

आणि ट्रॅक्शनचं बटण. ती यंत्रणा फिरत्या चाकाला ब्रेक लावते, त्यामुळं दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळायला लागतो. जे बाहेर काढू शकलं असतं तेच बंद केलं गेलं.

१४ जून, शनिवार

हौसिंग उतरवलं, उघडलं. अंदाज खरा निघाला, आनंद झाला नाही. पिन दोन्ही टोकांना निळी, मध्ये नखाला लागतील अशा खाचा. एक स्टार पिनियन पिनवर जवळपास चिकटलेला, हातानं फिरवायला जोर लागतो. वॉशर एका बाजूला ब्लेडसारखे झालेत, दोन ठिकाणी फाटलेत. त्या तीन चकत्या इथल्याच.

त्या बारीक पत्र्यानं पिनियनच्या बेअरिंगमध्ये शिरून तिथंही काम केलंय. रोलरवर टिपके, प्रीलोड (बेअरिंग घट्ट धरून ठेवणारा दाब) शून्य, पिनियन हातानं मागं-पुढं हलतो. क्राऊनचा प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर ०.३१ मिलिमीटर, मॅन्युअलमध्ये ०.०८ ते ०.१५. पाय दाबल्यावर पिनियन सरकतो, दात बाहेरच्या कडेला भिडतात, म्हणून ६२५ चा आवाज.

समाधान एवढंच की क्राऊन-पिनियनचे दात शाबूत आहेत. कठीण थर फुटलेला नाही, फक्त ठसा कडेला सरकलाय. शिवाय क्राऊन बोल्टचा आहे, वेल्डिंगचा नाही. वेल्डिंगचा असता तर गोष्ट वेगळीच झाली असती.

१७ जून, मंगळवार

डॉक्टरसाहेब स्वतः आले. सगळे तुकडे टेबलावर मांडून दाखवले. पिन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

आता काय घालायचं? साधी जाळी (केज, जिच्यात हे लहान गिअर बसतात) आणि नवे स्टार, सन गिअर (हाफ शाफ्टांना फिरवणारे) हा एक मार्ग. दुसरा लिमिटेड स्लिप, म्हणजे एकाच चाकाला मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल. त्यांना दुसरा हवा होता. त्यातही दोन जाती. प्लेटवाली, जिच्यात क्लच प्लेटा असतात. चाक हवेत असलं तरी ती थोडी पकड धरते, पण प्लेटा झिजतात, ऑइल नेमानं बदलावं लागतं, वळताना कुरकुरते. आणि वर्म-गिअरची, व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेची. तिच्यात झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, चालवताना जाणवत नाही, आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला ती दुसऱ्याच्या दोन-तीन पट टॉर्क देते. मात्र दुसऱ्याचा टॉर्क शून्याजवळ गेला तर शून्याच्या तिप्पटही शून्यच.

मी स्पष्ट सांगितलं : रस्त्यावरच्या गाडीला माझी पसंती वर्म-गिअरवालीला. पावसात ओल्या रस्त्यावर, खडीवर, वळणातून बाहेर निघताना ती खरोखर उपयोगी. काळ्या मातीत मात्र ती तुम्हाला बाहेर काढेल म्हणून घेऊ नका. काळ्या मातीत ट्रॅक्टरच लागतो. ते हसले, म्हणाले, "ट्रॅक्टर घरचाच आहे."

ऑर्डर पुण्याला दिली. सोबत पिनियनची दोन्ही बेअरिंगं, केजची दोन्ही, सील, क्रश स्लीव्ह, क्राऊनचे नवे बोल्ट.

२० जून, शुक्रवार

शाफ्ट घेऊन वाळूजला चाचांकडं गेलो. चाचा ट्रकचे, ट्रॅक्टरचे शाफ्ट तोलतात. वाळूजमध्ये माझ्या माहितीत त्यांच्याइतका हात कुणाचा नाही.

मधला क्रॉस हातानं हलवला तर मधल्या जागी टक्‌ करून अडकतो. सरळ चालवून चालवून सुयांनी कपात खाचा पाडल्यात. क्रॉसचा स्वभावच असा की कोनात असला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरला तरी मागचा फेरीत दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं राहतो. कोन दहा अंशांचा असेल तर हा चढ-उतार दीड टक्क्याचा. दोन क्रॉस एकमेकांना बरोबर धरून बसवले आणि दोघांचे कोन सारखे ठेवले की एकाचा दोष दुसरा पुसतो. इथं सेंटर बेअरिंग फाटून शाफ्ट खाली लोंबलेला, म्हणजे कोन बदलले, आणि एक क्रॉस अडकणारा. ९६ तिथून.

या गाडीचे क्रॉस कारखान्यात ठोकून बंद केलेले असतात, सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकवण रिंग) नसते. शाफ्टच नवा घ्या, असं पुस्तक सांगतं. चाचांनी योकमध्ये (क्रॉस धरणारा काटा) सर्क्लिपची खाच काढून बाजारातला मापाचा क्रॉस बसवला. दोन्ही बाजूंची खाच मध्यापासून शंभराव्या मिलिमीटरपर्यंत सारखी हवी, नाहीतर शाफ्टच बाजूला सरकतो. डायल लावून चार वेळा तपासलं त्यांनी. मी घाई केली नाही, चहा दोनदा झाला.

तोल काढायला ठिपके समोरासमोर आणून जोडला. मशीनवर पुढच्या बाजूला १९ ग्रॅमचा फरक निघाला. १९-२० ग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण ३० मिलिमीटरवरचे २० ग्रॅम, सेकंदाला ४८ फेऱ्यांना, साडेपाच किलोचा झटका देतात, प्रत्येक फेरीला. १२० च्या वेगाला तोच आठ किलो होतो, कारण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. चाचांनी पत्र्याचा तुकडा वेल्ड करून दोन ग्रॅमच्या आत आणलं. "अब सुनो इसको," म्हणाले, आणि मशीन चालू करून बाजूला झाले. काहीच ऐकू आलं नाही.

३ जुलै, गुरुवार

पार्सल आलं. दोन आठवडे हौसिंगचा कवच फडक्यात गुंडाळून ठेवला होता, पावसाळी हवेत आत गंज धरू नये म्हणून.

क्राऊन ऑइलमध्ये ऐंशी अंशांपर्यंत तापवून नव्या केजवर सरकवला. ठोकायचा नाही. दहा बोल्ट नवे, लॉकिंग द्रव लावून, समोरासमोर आवळत.

५ जुलै, शनिवार

पोरगा आषाढीला पंढरपूरला गेलाय. एकट्यानंच पिनियनची खोली ठरवली. दिवस यातच गेला, आणि दिवस द्यावाच लागतो.

नव्यासारख्याच एका बेअरिंगची आतली रिंग घासून सैल करून ठेवलीय, म्हणजे शिम (खोली ठरवणारी पातळ चकती) बदलताना दर वेळी प्रेसवर जावं लागत नाही. चाचणीला क्रश स्लीव्ह घालायची नाही.

क्राऊनच्या चार दातांना निळं (ठसा उमटवायचा रंग) लावलं. एका हातानं क्राऊनला फडक्यानं दाब देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवला. मग टॉर्च तिरपी धरून ठसा बघायचा. जुन्याच शिमवर ठसा दाताच्या शेंड्याकडं आला, म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा किंचित पातळ निघालं. ०.०८ चा शिम वाढवला. ठसा बुडाकडं गेला, दाताच्या मुळाशी निळं पुसलेलं. म्हणजे जास्त झालं. ०.०५ वर आलो. आता दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडं झुकलेला, लांबट, दोन्ही कडांना निळं शिल्लक. लोड आला की ठसा बाहेर सरकतो, म्हणून बिनलोडचा ठसा आतल्या बाजूला असलेला मला आवडतो. प्ले ०.११, तीन ठिकाणी मोजून.

तीन शतांश मिलिमीटरनं ठसा एवढा सरकतो, हे दर वेळी बघताना मला नवल वाटतं. केसाच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही ते.

९ जुलै, बुधवार

माझी चूक लिहून ठेवतो.

शेवटची जोडणी. क्रश स्लीव्ह ही एक पातळ नळी, पिनियनचं नट आवळत गेलं की ती चेमटते आणि बेअरिंगांना प्रीलोड देते. पिनियन फिरवायला लागणारा टॉर्क मोजत जायचं, इथं २ ते २.५ न्यूटन-मीटर हवा. १.४ ला होतो. लांब पाइप घातलेल्या पान्यानं आणखी थोडं ओढलं, तेवढ्यात फोन वाजला, लक्ष गेलं, आणि पान्याला एक पूर्ण झोका बसला. मोजलं तर ३.४.

पोरगा परत आलाय. म्हणाला, "उस्ताद, थोडं ढिलं करू की." तसं चालत नाही. चेमटलेली नळी परत फुगत नाही. नट सैल केलं तर प्रीलोड उतरलेला दिसेल, पण नट कशावरच दाबून बसलेलं नसेल, आणि दोन महिन्यांत पिनियन पुन्हा हलेल. घट्ट तसंच ठेवलं तर बेअरिंग तापून मरेल. सील काढलं, पिनियन काढला, नळी फेकली. नवी नळी मागवली, नवं सीलही. तीन दिवस गेले. डॉक्टरसाहेबांना कारण जसंच्या तसं सांगितलं आणि नळी-सीलचे पैसे बिलात धरले नाहीत.

आता फोन टेबलाच्या खणात ठेवूनच नट आवळायचं, असं पोरालाही सांगितलंय.

१२ जुलै, शनिवार

नवी नळी, थोडं थोडं, दर आठव्या भागाच्या फेरीला मोजत. २.३ ला थांबलो.

हाफ शाफ्ट : आतला जॉइंट उघडून धुतला. सहा गोट्या, खाचांवर हलकी झाक, खड्डे नाहीत. बाहेरचा जॉइंटही गोट्यांचाच; त्याची रचना आल्फ्रेड र्झेपानं १९२० च्या दशकात काढली आणि कोनात असूनही ती वेग एकसारखा ठेवते, क्रॉससारखी फेरीत दोनदा अडखळत नाही. फक्त तिला ग्रीस लागतं आणि धूळ चालत नाही. मोलिब्डेनमचं ग्रीस मापून भरलं, नवे बूट, नवे क्लॅम्प. ती बाइंडिंग वायर भिंतीवरच्या खिळ्याला टांगलीय, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना दाखवायला.

१३ जुलै, रविवार

सगळं चढवलं. डोनट बाणांप्रमाणे. बोल्टचं डोकं धरून ठेवायचं आणि नट फिरवायचं, नाहीतर रबर पिळलं जातं आणि पहिल्या दिवसापासून ताणात राहतं. सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट पाच मिलिमीटर पुढं सरकवून मग आवळला, मॅन्युअल चार ते सहा सांगतं. ऑइल ७५ डब्ल्यू-९०, जीएल-५. भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं, गाडी सपाट धरून.

पहिले तीस किलोमीटर शांतपणे, मग पूर्ण थंड होऊ दिलं. असं तीनदा. नवे-जुने दात एकमेकांशी बसताना तापतात, त्या वेळी जोर दिला तर सगळी मेहनत जाते.

१५ जुलै, मंगळवार

पुन्हा समृद्धी, पुन्हा पहाट, पुन्हा तेच फोन त्याच जागी.

४८ चं शिखर जमिनीला लागलं. ९६ नाही. ६२५ ची रेघ आहे पण मंद, खिडक्या बंद केल्यावर कानाला येत नाही. आणि आता बाकीचं शांत झाल्यामुळं १४ चं शिखर स्पष्ट दिसलं. म्हणजे एक चाक. परत येऊन चारही तपासली : डावं मागचं रिम आतल्या कडेला वाकलेलं, अंबड रोडच्या एखाद्या खड्ड्याचं काम. सरळ करून तोल काढला. आधीच्या दिवशी हे मोठ्या थरथरीखाली लपलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरसाहेबांशी सॉफ्टवेअरबद्दल बसून बोललो. ५२० गुणिले ४.१७ गुणिले ३.४६ : पहिल्या गिअरला हौसिंगमधून ७,५०० न्यूटन-मीटर निघू शकतात. मागच्या चाकांवर जोरात निघताना हजार किलोचं वजन धरा, चांगली पकड धरा, टायर २,८०० च्या आसपास सुटतात. म्हणजे वरचा सगळा टॉर्क धुरात जातो. शाफ्ट त्यानं तुटत नाही, टायर सुटतो हीच त्याची सुटका. तुटतो तेव्हा, जेव्हा सुटलेला टायर खडीवरून डांबरावर येऊन एकदम पकडतो आणि फिरणारं सगळं वजन एका क्षणात थांबायला बघतं. किंवा मागचं चाक उड्या मारत निघतं तेव्हा. म्हणून पहिल्या दोन गिअरांत टॉर्क ३५० वर बांधून घ्या, तिसऱ्यापासून पुढं हवा तेवढा घ्या. समृद्धीवर तसाही पाचवा-सहावाच लागतो.

त्यांनी कागदावरचा हिशेब स्वतः पुन्हा करून बघितला, मग मान्य केलं. आठवड्यात बदलून आणला.

७ ऑगस्ट, गुरुवार

९०० किलोमीटर झाले. ऑइल सोडलं. पूर्ण सव्वा लिटर. रंग मधासारखा, जरा गढूळ. चुंबकावर राखाडी लेप, कागदावर पसरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. टोचलं नाही. भिंगाखाली कण दिसतात ते धुळीएवढे, नवे बेअरिंग बसतानाचे.

प्ले चाक धरून बघितला, नेहमीचा. डोनटला चीर नाही. नवं ऑइल भरलं, पुढचं १,०१,००० ला.

डॉक्टरसाहेब बाकावर बसले होते. चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या, दोन्हींच्या तळाला काळ्या मातीचे बोटभर जाड थर. काल रात्रीचा पाऊस. म्हणाले, "बागेत जाऊन आलो. गाडी डांबरीवरच उभी केली."